मोठ्या मॉडेल रॉकेटची मजबुती : भार नेमका कुठून कुठे जातो?

विभाग : विज्ञान आणि तंत्रज्ञान
धागाकर्ता : सातरस्ता (सोलापूर)

आमच्याकडच्या अभियांत्रिकीच्या काही विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी मोठ्या मॉडेल रॉकेटचे काम हाती घेतले आहे आणि त्यांच्या बांधणीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. त्यांचा पहिला प्रश्न नेहमीचाच होता : नळी किती जाड घ्यायची? प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला असू नये, असे माझे मत आहे. कोणता भार, कोणत्या क्षणी, कोणत्या भागातून जातो हे आधी कागदावर मांडले, तर लक्षात येते की नळीच्या मधल्या भागाला फारसे कष्ट पडत नाहीत. खरी कसोटी लागते ती जोडांची, फिनांची (शेपटीकडच्या पंखांची) आणि पॅराशूटची दोरी जिथे अडकवलेली असते त्या कडीची.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडेसे. रॉकेट मोटरींचे वर्ग इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला एकूण आवेगाची (सरासरी रेटा गुणिले जळण्याचा वेळ) कमाल मर्यादा दुप्पट होते. 'जी' वर्ग १६० न्यूटन-सेकंदांवर संपतो आणि एचपासून 'हाय-पॉवर' सुरू होते. अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन या दोन संघटना एच-आय, जे-के-एल आणि एम-एन-ओ अशा तीन पातळ्यांची प्रमाणपत्रे देतात. प्रमाणपत्रासाठी रॉकेट नुसते वर जाऊन भागत नाही. ते पुन्हा उडवता येईल अशा स्थितीत खाली यावे लागते. ही अट मला फार शहाणपणाची वाटते, कारण बहुतेक रॉकेट मोडतात ती वर जाताना नव्हे, तर परत येताना.

आता आमचे आकडे. नळीचा बाहेरचा व्यास १०० मिमी, लांबी १.८ मीटर, उड्डाणाच्या वेळचे वजन ५ किलो. मोटर 'जे' वर्गातली, ५४ मिमी व्यासाची, सरासरी ५०० न्यूटन रेट्याने दोन सेकंद जळणारी. हिशेबाने कमाल वेग सेकंदाला १८० मीटर येतो आणि उंची अकराशे-बाराशे मीटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या पुढे आहे. चाळीस अंशांच्या उन्हात इथल्या हवेची घनता घनमीटरला १.०७ किलोच्या आसपास धरावी लागते. त्यावरून कमाल वेगाला हवेचा गतिज दाब सुमारे १७ किलोपास्कल येतो आणि संपूर्ण रॉकेटला होणारा हवेचा विरोध सुमारे ७० न्यूटन.

मोटर जळत असताना, रॉकेटचे दोन भाग जिथे जुळतात त्या जोडाच्या वरचा १.८ किलोचा भाग खालच्या भागावर दाबला जातो. हवेचा विरोध धरूनही हा दाब दोनशे न्यूटनच्या फार पुढे जात नाही, म्हणजे वीस-बावीस किलोचे ओझे उभ्या नळीवर ठेवल्यासारखे झाले. दोन मिमी जाडीची पुठ्ठ्याची चांगली नळी, ती सरळ असेल आणि तिची टोके काटकोनात कापलेली असतील, तर एवढे ओझे सहज पेलते. मग रॉकेट मोडते कुठे? माझ्या दृष्टीने तीन जागा आहेत : फिनांची फडफड, सैल जोडापाशी येणारा वाक आणि पॅराशूट उघडतानाचा हिसका. यातला तिसरा भार मोटरच्या रेट्यालाही मागे टाकू शकतो आणि त्याचाच हिशेब सगळ्यात कमी मांडला जातो.

जाणकारांनी आपापले अनुभव लिहावेत.

संपादक मंडळ
चर्चा बांधणीपुरती ठेवावी. इंधन किंवा मोटर घरी बनवण्याविषयीचे प्रतिसाद काढून टाकले जातील. मोटरीची खरेदी, साठवण आणि वापर यांना स्फोटक अधिनियम १८८४ आणि स्फोटक नियम २००८ यांच्या चौकटीतच पाहावे लागते. त्यासाठीच्या 'पेसो' (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना) या यंत्रणेचे मुख्यालय नागपूरला आहे.

तिसरेवर्ष
सर, धाग्याबद्दल आभार. दोन शंका आहेत. पहिली म्हणजे, नान्नजच्या माळरानावर छोटी चाचणी घेता येईल का? दुसरी, आम्ही फिनांसाठी ३ मिमी प्लाय घ्यायचे ठरवले आहे. हातात धरून वाकवून पाहिला तर तो चांगला कडक वाटतो. फडफड म्हणजे नक्की काय होते आणि ती होणार की नाही हे आधी कसे कळते?

सातरस्ता
पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. नान्नजला माळढोक अभयारण्य आहे आणि होटगी रस्त्याला विमानतळ आहे. शहराच्या आसपास मोकळी जागा दिसली म्हणून ती आपली होत नाही. आपले रॉकेट आयोजकांनी सर्व परवानग्या घेतलेल्या जागीच उडेल. सोलापुरात आपण फक्त जमिनीवरच्या चाचण्या करू, आणि त्या पुष्कळ आहेत. फिनांचा प्रश्न हिप्परगा यांच्यासाठी सोडतो, त्यांचा तो विषय आहे.

हिप्परगा
फिन हातात धरून वाकवून पाहणे ही फडफडीची परीक्षा नव्हे, कारण फडफडीत वाक आणि पीळ दोन्ही एकत्र येतात. फिन किंचित पिळला की त्याचा हवेशी असलेला कोन बदलतो, कोन बदलला की हवेचे बळ बदलते, त्या बळाने फिन वाकतो आणि त्याच्या लवचिकपणामुळे परत फिरतो. ठरावीक वेगापर्यंत हवाच ही हालचाल शांत करते. त्या वेगाच्या पुढे मात्र प्रत्येक हेलकाव्याला हवा आणखी ऊर्जा पुरवते आणि सेकंदाच्या अगदी लहानशा भागात फिन मुळापासून उपटला जातो. म्हणून 'थोडीशी फडफड चालेल' असे कधी म्हणता येत नाही.

याचा अंदाज बांधण्यासाठी आजही १९५८ सालच्या 'नाका'च्या, म्हणजे नासाच्या पूर्वसुरी संस्थेच्या, ४१९७ क्रमांकाच्या टिपणातले सूत्र वापरतात. ते मुळात क्षेपणास्त्रांच्या पृष्ठभागांसाठी लिहिलेले आहे. त्यात तीन गोष्टींना महत्त्व आहे : पदार्थाची कर्तन-दृढता (पिळाला तो किती विरोध करतो ते), फिनची जाडी भागिले मुळाची, म्हणजे नळीला लागलेल्या कडेची, रुंदी, आणि फिन बाहेर किती आला आहे ते. दृढतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात फडफडीचा वेग वाढतो, तर जाडीच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट केली की वेग २.८ पट होतो.

तुमच्या फिनांची मापे मला सातरस्ता यांनी कळवली आहेत : मूळ २० सेंमी, टोक ८ सेंमी, बाहेर १० सेंमी. चांगल्या प्लायची कर्तन-दृढता ०.६२ गिगापास्कल धरली तर ३ मिमीच्या फिनचा फडफडीचा वेग सेकंदाला १४८ मीटर येतो. तुमचे रॉकेट १८० ने जाणार आहे. उत्तर यातच आले. त्याच आकाराचा, त्याच जाडीचा फिन जी-टेन फायबरग्लासच्या पत्र्याचा केला, तर दृढता सुमारे ४ गिगापास्कल धरून वेग ३८० च्या आसपास जातो. ६ मिमी प्लायचा केला तर ४१९.

सूत्र ढोबळ आहे आणि फिन मुळाशी पूर्ण घट्ट धरलेला आहे असे ते गृहीत धरते. म्हणून हिशेबात आलेल्या वेगाच्या दोन-तृतीयांशापलीकडे रॉकेट नेऊ नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. प्लाय घेताना तो आयएस ७१० चा मरीन प्लाय आहे ना हे पाहा आणि कापल्यावर कडेने नीट न्याहाळा. आतल्या थरात पोकळी निघाली तर तो तुकडा बाजूला ठेवा. हिशेबातला ०.६२ हा आकडा अशा पोकळीला लागू होत नाही.

भुईकोट
एवढ्या हिशेबात कशाला पडायचे? नळी, फिन, जोड सगळ्यावर कार्बन फायबरचे दोन-तीन थर चढवा आणि मोकळे व्हा. आजकाल कार्बनचे कापड सहज मिळते. मजबुतीत हात आखडता घेऊ नये.

सातरस्ता
भुईकोट, तुमचा मुद्दा मला समजतो, पण पटत नाही. कार्बन रेडिओ लहरी अडवतो. आमच्या रॉकेटमध्ये ते कुठे उतरले हे सांगणारा जीपीएस ट्रान्समीटर आहे, त्यामुळे निदान तो भाग तरी कार्बनचा करता येत नाही. दुसरे म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या निम्म्याने जाणाऱ्या रॉकेटला त्याची गरज नाही. आणि मुख्य मुद्दा वजनाचा. शेपटीकडे वजन वाढले की गुरुत्वमध्य मागे सरकतो, तो पुढे आणायला नाकात वजन भरावे लागते, मग एकूण वजन वाढते, पॅराशूट मोठे लागते आणि हिसका वाढतो. नाकापेक्षा मोती जड व्हायला वेळ लागत नाही. जिथे भार आहे तिथे दोन थर चढवू; जिथे नाही तिथे उघडी नळी राहील.

यंत्रमाग
नळीविषयी लिहितो. चादर-टॉवेलच्या धंद्यात असल्याने तागे गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या रोज हाताखालून जातात आणि इथल्या मुलांना त्या स्वस्तात मिळतात, हे खरे. मात्र त्या जशाच्या तशा घेऊ नयेत. चार मिमी भिंतीची, शंभर मिमी व्यासाची दीड मीटर नळी सव्वा किलोच्या पुढे जाते. म्हणजे पाच किलोंपैकी पाव हिस्सा नळीतच गेला. त्यापेक्षा दोन मिमीची नळी घेऊन तिच्यावर चौरस मीटरला दोनशे ग्रॅमच्या ग्लास कापडाचे दोन थर इपॉक्सीने (दोन भाग मिसळून सुकणाऱ्या पक्क्या डिंकाने) चढवले, तर रेझिन धरून वजन किलोभर होते आणि नळी कितीतरी कणखर होते.

नळी निवडताना ती सपाट फरशीवर लोळवून पाहा. डुगडुगली तर परत द्या. वरचा गुळगुळीत चकचकीत कागद ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढा. हा थर तसाच ठेवला तर इपॉक्सी त्या कागदाला चिकटते, नळीला नाही. आणि भार आला की कागदासकट सगळे सोलून निघते. मोटर ज्या आतल्या नळीत बसते तिच्यावर, तिला मध्यभागी धरणाऱ्या कड्या चिकटवतानाही हेच लागू आहे.

आता कापडाचे. नळीवर ते उभ्या-आडव्या धाग्यांनी चढवले तरी चालते, कारण तिथे दाब आणि वाक आहे. फिनांवर चढवायचे असेल तर मात्र उरेब कापा. पीळ अडवायचा तर धागे फिनच्या लांबीला पंचेचाळीस अंशांत यायला हवेत. सरळ कापलेल्या कापडाचे चार थर चढवलेल्या फिनपेक्षा उरेब कापलेल्या दोन थरांचा फिन पिळाला जास्त जुमानत नाही, हे हातात घेऊन पिळले तरी समजते.

तिसरेवर्ष
यंत्रमाग काका, आमच्या एका मित्राने पीव्हीसी पाइप सुचवला आहे. तो सरळही असतो आणि पक्काही.

यंत्रमाग
नको. पीव्हीसी फुटतो तेव्हा त्याच्या धारदार कपच्या उडतात. वर उल्लेख केलेल्या अमेरिकन संघटनांचे सुरक्षा नियमही कागद, लाकूड, रबर, प्लास्टिक, फायबरग्लास असे हलके पदार्थ वापरा आणि गरज असेल तिथेच न तुटता वाकणारा धातू वापरा, असे सांगतात. प्लास्टिक यादीत आहे म्हणून पाण्याचा पाइप चालतो, असा अर्थ काढू नये.

हिप्परगा
फिन बसवण्याबद्दल थोडे राहिले. नळीच्या बाहेरच्या भिंतीला नुसता चिकटवलेला फिन या आकाराला पुरत नाही. नळीला खाच पाडून फिनची जीभ आत मोटरच्या नळीपर्यंत न्यावी. मग एका फिनला सहा ठिकाणी डिंकाची कड मिळते : मोटरच्या नळीपाशी दोन्ही बाजूंनी, बाहेरच्या नळीला आतून दोन्ही बाजूंनी आणि बाहेरून दोन्ही बाजूंनी. आतल्या कडा दिसत नाहीत म्हणून विद्यार्थी त्या उरकून टाकतात, आणि भार तर त्यांच्यावरच जास्त असतो. बाहेरच्या कडेच्या गोलाईची त्रिज्या मुळाच्या रुंदीच्या चार ते आठ टक्के ठेवण्याची रीत आहे. तुमच्या वीस सेंमीच्या मुळाला दहा-बारा मिमी ठीक. या कडा भरताना इपॉक्सीत पोकळ काचगोळ्यांची हलकी भुकटी घालू नका. ती घासायला सोपी, पण भार घ्यायला कच्ची. सिलिका किंवा बारीक कापलेले ग्लासचे तंतू घाला.

आणि पाच मिनिटांत सुकणारे इपॉक्सी फक्त फिन जागेवर धरण्यापुरते वापरा. भाराच्या जोडाला सावकाश सुकणारेच हवे.

चाटीगल्ली
पॅराशूटविषयी कोणी काहीच लिहिलेले नाही, आणि धागाकर्त्यांनी तर खरा भार तिथेच असल्याचे म्हटले आहे. आकड्यांनी समजावून सांगाल का?

सातरस्ता
अवश्य. मी या मुद्द्याची वाटच पाहत होतो.

आमचे पॅराशूट १.८ मीटर व्यासाचे आहे. सपाट कापलेल्या पॅराशूटचा रोधांक ०.८ धरला, तर मोटर जळून गेल्यावर साडेचार किलोचे रॉकेट सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने उतरते. हे योग्य आहे. आता प्रश्न असा की ते कोणत्या वेगाला उघडते. सर्वोच्च बिंदूवर, वेग जवळजवळ शून्य असताना उघडले, तर हिसका नगण्य. तीन सेकंद उशिरा उघडले, तर तोवर रॉकेटने सेकंदाला तीस मीटरच्या आसपास वेग घेतलेला असतो आणि पूर्ण फुगलेल्या पॅराशूटवरचे बळ ९८० न्यूटन येते. म्हणजे मोटरच्या सरासरी रेट्याच्या जवळजवळ दुप्पट. वेग साठ मीटर असेल तर बळ चौपट होते, ३९०० न्यूटनच्या पुढे, म्हणजे सुमारे चारशे किलोचे ओझे एका कडीवर. प्रत्यक्षात पॅराशूट फुगायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात हलके रॉकेट मंदावते, म्हणून खरे बळ यापेक्षा कमी असते. तरीही बांधणी करताना मी तीस मीटर वेगाचा तो ९८० न्यूटनचा पूर्ण आकडाच धरतो.

यातून दोन कामे निघतात. एक, पॅराशूट वेळेवर उघडण्याची व्यवस्था. आमच्याकडे हवेच्या दाबावरून उंची मोजणारे अल्टिमीटर आहेत, दोन, एकमेकांपासून स्वतंत्र, स्वतंत्र बॅटरीवर. सर्वोच्च बिंदूवर छोटे पॅराशूट, आणि दोनशे मीटर उंचीवर मोठे. छोट्या पॅराशूटमुळे उतरतानाचा वेग मर्यादित राहतो, म्हणून मोठे उघडताना हिसका आवाक्यात राहतो. अल्टिमीटरच्या कप्प्याला बाहेरच्या हवेसाठी भोके असतात; ती नळीच्या सरळ, गुळगुळीत भागात, नोज कोनच्या (नाकाच्या शंकूच्या) उतारापासून दूर घ्यावीत.

दोन, हिसका ज्या मार्गाने जातो तो संपूर्ण मार्ग सारख्या ताकदीचा हवा : पॅराशूटच्या दोऱ्या, फिरकी, क्विक लिंक, मुख्य दोर, कडी, कडी बसवलेली लाकडी चकती आणि ती चकती नळीला धरणारी डिंकाची कड. तार वाकवून केलेली, तोंड उघडे राहिलेली कडी अजिबात वापरू नये; तिचे तोंड भाराखाली उलगडते. यू-बोल्ट घ्यावा, चकतीच्या मागे मोठे वायसर आणि नायलॉक नट. केवलारचा दोर आगीला दाद देत नाही, पण तो ताणलाही जात नाही, त्यामुळे हिसका थेट कडीला पोचतो. नायलॉन ताणला जातो आणि हिसका पचवतो, पण उष्णतेला घाबरतो. म्हणून मोटरकडच्या बाजूला थोडा केवलार आणि पुढे रॉकेटच्या लांबीच्या तिप्पट ते पाचपट नायलॉनची पट्टी, ही जोडणी मला पसंत आहे. दोर आखूड असेल तर दोन्ही भाग वेगळे होताना दोराच्या टोकाला तडाख्याने पोचतात आणि दोर नळीची कड वरून खालपर्यंत चिरत जातो. याला झिपर म्हणतात. ती कड फेविक्विकने भिजवून कडक करणे हा स्वस्त आणि उपयोगी उपाय आहे. त्याहून चांगला उपाय म्हणजे जोडनळी (दोन्ही भागांना आतून जोडणारी आखूड नळी) खालच्या भागात पक्की करून दोर तिच्या बंद टोकातून काढणे, म्हणजे चिरायला उघडी कडच उरत नाही.

चाटीगल्ली
हे वाचून शिलाईबद्दल राहवत नाही. सोलापुरात गणवेशांचे एवढे कारखाने आहेत, त्यांचा उपयोग करून घ्या. पॅराशूटच्या पाकळ्या जोडताना कडा एकमेकींत दुमडून दोन सुयांची शिलाई मारून घ्यावी. नुसती एकेरी शिलाई रिपस्टॉप नायलॉनला सोलून काढते. दोऱ्या फक्त कडेला टाचू नका, त्या कापडावरून शिखरापर्यंत नेऊन शिवा. पट्ट्यांच्या टोकांना बेल्टच्या लूपला घालतात तसा बारटॅक घाला. ते मशीन गणवेशाच्या प्रत्येक बऱ्या कारखान्यात असते. धागा सुती नको, पॉलिएस्टर किंवा नायलॉनचाच.

सातरस्ता
फार मोलाची माहिती, आभार. कडीच्या चाचणीची पद्धतही लिहून ठेवतो. नळीचा तो भाग चकती आणि यू-बोल्टसकट वेगळा तयार करायचा, डिंक पूर्ण सुकल्यावर नळी लाकडी चौकटीत उलटी अडकवायची आणि कडीला सिमेंटची पोती टांगायची. पन्नास किलोची दोन पोती म्हणजे बरोबर ते ९८० न्यूटन. तेवढ्यावर थांबायचे नाही. चेन पुलीने सावकाश चार पोती टांगायची आणि दहा मिनिटे तशीच ठेवायची. पोत्यांखाली पाय किंवा हात नको. उतरवल्यावर चकतीच्या कडेने टॉर्च मारून पाहायचे : डिंकाच्या कडेला पांढुरकी रेषा दिसली, तर तिथे तडा जायला सुरुवात झाली आहे. असा भाग दुरुस्त करू नये, नवा करावा. अर्थात ही स्थिर भाराची चाचणी झाली. विहिरीत बादली सोडताना दोराला बसणारा हिसका भरल्या बादलीच्या वजनापेक्षा मोठा असतो, तसे इथेही आहे. म्हणूनच दुपटीची मर्यादा.

कंबरतलाव
थ्रीडी प्रिंटिंगचे काम करतो, म्हणून नोज कोनबद्दल. पीएलए हे छपाईचे नेहमीचे प्लास्टिक साधारण साठ अंशांना मऊ पडते. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला पीएलएचा कोन बशीसारखा बसकण मारून बसलेला पाहिला आहे. पीईटीजी ऐंशीपर्यंत तग धरतो, एबीएस शंभरापर्यंत. शिवाय छापील वस्तू थरांच्या आडव्या दिशेने कच्ची असते. कोनाच्या बुडाशी असलेली कडी छापीलच ठेवली, तर हिसक्याने थर सुटतात. कोनाच्या आत टोकापर्यंत लोखंडी दांडा घालून कडी त्याला बसवावी, म्हणजे भार प्लास्टिकवर येतच नाही आणि नाकाला लागणारे वजनही त्यातच भागते.

यंत्रमाग
हाच नियम इपॉक्सीला लावा. नुसत्या खोलीच्या तापमानाला सुकवलेले बरेचसे इपॉक्सी पन्नास-साठ अंशांना मऊ होऊ लागते आणि काळ्या रंगाची नळी आपल्या उन्हात तेवढी सहज तापते. मोटर बसवलेली जागा तर आतूनही तापते. म्हणून एक, रॉकेट पांढरे किंवा फिकट रंगवा. दोन, डिंक सुकल्यावर तो भाग साठ अंशांच्या आसपास काही तास ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली काम बऱ्यापैकी होते, नाहीतर बल्ब लावलेली पेटी करा. असे शेकून घेतलेले इपॉक्सी पुढे जास्त उष्णता सोसते. उन्हाळ्यात मिश्रण भांड्यातच तापून लवकर घट्ट होते, तेव्हा थोडे थोडे कालवा आणि पसरट ताटलीत ठेवा. पावसाळ्यात उलट त्रास होतो : सुकलेल्या पृष्ठभागावर तेलकट थर येतो. तो कोमट पाण्याने धुऊन, घासून, मगच पुढचा थर द्यावा.

भुईकोट
कार्बनचा आग्रह मी सोडतो. पण धागाकर्त्यांनी सुरुवातीला 'सैल जोडापाशी येणारा वाक' म्हटले होते, त्याचे काय झाले?

हिप्परगा
तो मुद्दा खरेच राहिला. रॉकेट सरळ जात असताना नाकावर आडवा भार फारसा नसतो. कमाल वेगाला पाच मीटरचा आडवा वारा आला तरी नाकाचा कोन दीड-पावणेदोन अंश होतो आणि आडवे बळ दहा न्यूटनच्याही खाली राहते. पण जोड सैल असेल तर वरचा भाग कलतो, कललेल्या भागावर हवा आणखी जोर करते आणि कोन वाढत जातो. दहा अंशांना तेच बळ पन्नास न्यूटनच्या जवळ पोचते आणि नळी जोडापाशी दुमडते. उपाय साधा आहे. जोडनळी दोन्ही बाजूंना निदान एक व्यास आत जायला हवी, म्हणजे तुमच्याकडे प्रत्येकी दहा सेंमी. जोड इतका घट्ट हवा की वरचा भाग धरून उचलल्यावर खालचा आपोआप सुटू नये, आणि आडवा हलवला तर खडखडू नये. सैल असेल तर मास्किंग टेप गुंडाळून बसवतात. ते घर्षणासाठी ठीक आहे, वाकण्यासाठी नाही.

रेल, म्हणजे रॉकेटला सुरुवातीला सरळ धरणारी उभी पट्टी, सोडतानाचा वेगही पाहा. सेकंदाला पंधरा मीटरपेक्षा कमी वेगाने रॉकेट रेलवरून सुटले आणि वारा पाच मीटरचा असेल, तर हवेचा कोन अठरा अंशांच्या पुढे जातो. वेग कमी असल्याने तेव्हा काही मोडत नाही, पण रॉकेट तिरके होऊन वारा जिकडून येतो तिकडे वळते.

आणखी एक. मोटर विझली की मागच्या भागाला फिनांमुळे विरोध जास्त होतो आणि पुढचा भाग पुढे निसटू पाहतो. शिवाय वर जाताना नळीत अडकलेली हवा बाहेरच्या मानाने जास्त दाबाची होते आणि दोन्ही भागांना ढकलते. अशा वेळी पॅराशूट कमाल वेगालाच बाहेर पडते, आणि वरच्या आकडेमोडीत १८० मीटर घालून पाहिले तर काय होते ते सांगायला नको. प्रत्येक बंद कप्प्याला तीन मिमीचे भोक आणि जोडाला नायलॉनचे छोटे स्क्रू, हा त्यावरचा उपाय.

तिसरेवर्ष
सर, आम्ही ६ मिमी प्लाय घेऊन ओपनरॉकेट या रॉकेटच्या हिशेबाच्या संगणक प्रणालीत सगळे भरले. चार फिनांचे वजन शंभर ग्रॅमच्या वर वाढले आणि गुरुत्वमध्य मागे गेला. नाकात वजन घालायचे का?

हिप्परगा
घालू नका, आधी फिन आखूड करून पाहा. त्या सूत्रात फिन बाहेर किती आला आहे याचा परिणाम फार मोठा असतो. मूळ आणि टोक तेच ठेवून फिन १० ऐवजी ८ सेंमी बाहेर काढा आणि प्लाय ४ मिमीचा घ्या. फडफडीचा वेग ३१० मीटरच्या आसपास येतो; दोन-तृतीयांश धरले तरी दोनशेच्या वर. आणि चारही फिनांचे वजन तुमच्या पहिल्या ३ मिमीच्या फिनांएवढेच, पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे.

फिन लहान झाला की दाबमध्यही (हवेची बळे जिथे एकवटतात तो बिंदू; तो गुरुत्वमध्याच्या मागे हवा) थोडा पुढे सरकतो. गुरुत्वमध्य आणि दाबमध्य यांतले अंतर एका व्यासाच्या, म्हणजे दहा सेंमीच्या खाली जाणार नाही हे ओपनरॉकेटमध्ये तपासा. जात असेल तर फिनचे टोक मागे झुकवा, बाहेर वाढवू नका. आणि मोटर भरलेली असतानाचे वजन धरून तपासा. रिकामे रॉकेट कागदावर नेहमीच स्थिर दिसते.

तिसरेवर्ष
टोक दोन सेंमी मागे घेतल्यावर अंतर १.३ व्यास येते. उद्या मरीन प्लाय आणतो आणि कडेने पोकळी पाहूनच घेतो. सिमेंटच्या पोत्यांची चाचणी शनिवारी करू का?

सातरस्ता
इपॉक्सी शेकून झाल्यावर. त्याआधी टांगू नका. चेन पुली मी आणतो.